आधी खेड, मग दापोली

चाचा चष्मा काढायचे, मॉनिटरच्या डोक्यावर ठेवायचे, दोन्ही तळव्यांनी डोळे चोळायचे आणि म्हणायचे, "थांब गो बाय. माझा गोंधळ झालाय."

दिवसातून पाच-सहा वेळा तरी हे वाक्य आमच्या ऑफिसात ऐकू यायचं. तुम्ही कधी कॉम्प्युटरच्या ऑफिसात काम केलं असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल की तिथे असं कुणी उघड म्हणत नाही. तिथे सगळ्यांना सगळं समजलेलं असतं, आणि तरीही प्रोग्राम बंद पडतो. चाचा तेवढे एकटे म्हणायचे. तेही मान खाली घालून नव्हे, तर एखाद्याने "पाऊस आलाय" म्हणावं इतक्या सहज.

मी एकवीस वर्षांची होते. रत्नागिरीतच डिप्लोमा करून पहिल्या नोकरीला लागले होते. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मुंबई-पुण्याला न जाता इथेच कॉम्प्युटरचं काम मिळालं म्हणून आई खूश होती. ऑफिस म्हणजे किराणा दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. आमचे साहेब, फोन सांभाळणाऱ्या सुलभाताई, मी आणि चाचा, एवढीच माणसं.

चाचा पन्नाशी ओलांडलेले होते. मूळचे दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावचे. त्यांच्या घरातले बहुतेक पुरुष जहाजावर गेले, हे मात्र कुवेतला एका बंदराच्या कॉम्प्युटर विभागात लागले आणि अठरा वर्षं राहिले. मग एके दिवशी उठून परत आले. का आलात, असं विचारलं की म्हणायचे, "खाडी दिसायची नाय तिथून." सोमवार ते शनिवार रत्नागिरीत एक खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीने गावी चाचींकडे जायचे.

आमच्याकडे तेव्हा एकच मोठं काम होतं. एका धर्मादाय संस्थेचे खेड, दापोली आणि गुहागर तालुक्यांत मिळून बरेच दवाखाने होते. सापाच्या विषावरच्या लसीच्या कुप्या कुठल्या दवाखान्यात किती आहेत, याची नोंद आमच्या प्रोग्राममध्ये असायची. कोकणात कातळावर फुरसं असतं. वीतभर लांबीचं, मातीच्या रंगाचं. गवत कापताना हात घातला की चावतं. दवाखान्यातल्या लसी संपल्या की नर्सने आमच्या प्रोग्रामात बघायचं, जवळच्या कुठल्या दवाखान्यात आहेत ते शोधायचं आणि तिथून मागवून घ्यायच्या. कुप्या हलल्या की त्या दवाखान्याच्या यादीतून कमी व्हायच्या आणि या दवाखान्याच्या यादीत चढायच्या.

या याद्या एका मशीनवर मावत नव्हत्या. म्हणजे मावल्या असत्या, पण मशीन जुनं होतं, धापा टाकायचं. म्हणून चाचांनी तालुक्यांप्रमाणे तीन मशीनवर त्यांची वाटणी केली होती. खेडचा डेटाबेस एकावर, दापोलीचा दुसऱ्यावर, गुहागरचा तिसऱ्यावर. याला इंग्रजीत काही नाव असतं हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आम्ही "वाटणी"च म्हणायचो. सुलभाताई म्हणायच्या, "आमच्या घरच्या आंब्याच्या कलमांची झाली तशी नको व्हायला. अजून कोर्टात आहे."

पहिल्या आठवड्यात चाचांनी मला समोर बसवून समजावलं होतं. डेटाबेसशी जोडणी उघडायला वेळ लागतो. प्रत्येक वेळी नवी उघडत बसलो तर काम होणार नाही. म्हणून प्रत्येक मशीनच्या दहा-दहा जोडण्या आधीच उघडून ठेवायच्या. दवाखान्यातून विचारणा आली की प्रोग्रामचा एक धागा उठतो, एक जोडणी उचलतो, काम करतो आणि जागेवर ठेवतो. असे पुष्कळ धागे एकाच वेळी चालतात.

"समजलं?"

"हो."

"मग सांग मला."

मला एक शब्द सांगता आला नाही. चाचांनी चहा मागवला आणि म्हणाले, "समजलं नाय तर नाय म्हणावं. मला पण पहिल्यांदा समजलं नव्हतं. दुसऱ्यांदा पण नाय." मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हाही मला अर्धंच समजलं, पण ते मी त्यांना सांगितलं.

साहेबांना चाचांची ही सवय आवडत नसे. एकदा संस्थेच्या मोठ्या डॉक्टरीणबाई ऑफिसात आल्या. साहेब त्यांना सांगत होते की सगळं व्यवस्थित आहे, काळजी नको. तेवढ्यात चाचांनी चष्मा काढला. साहेबांचा चेहरा पडला. "डॉक्टर, माझा गोंधळ झालाय," चाचा म्हणाले. "कुपी इकडून निघाली पण तिकडे पोचली नाय, तर मधल्या वेळात ती कुणाची?" डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि तासभर त्यांच्याशी बोलत बसल्या. जाताना साहेबांना म्हणाल्या, "या माणसाला सोडू नका."

मग एका भाद्रपदात प्रोग्राम अडकायला लागला.

बंद पडत नव्हता. बंद पडला असता तर निदान काही चुकल्याचा संदेश आला असता. हा नुसता थांबायचा. पडद्यावर "शोध चालू आहे" अशी अक्षरं यायची आणि तशीच राहायची. आम्ही सगळं बंद करून पुन्हा चालू करायचो, की दोन दिवस सुरळीत. मग पुन्हा तेच. तिन्ही मशीन ठीक होती, फोनच्या तारा ठीक होत्या. मी प्रोग्राम कागदावर छापून घेऊन वाचत बसायचे आणि शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत पहिली विसरायचे. चाचा खिडकीशी उभे राहून खालच्या रस्त्याकडे बघत राहायचे.

चौथ्या दिवशी ते बाजारात गेले आणि कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन आले. लाल, पिवळे आणि निळे, प्रत्येकी दोन.

"लाल म्हणजे खेडची जोडणी, पिवळी दापोलीची, निळी गुहागरची," ते म्हणाले. "तुम्ही सगळे धागे. उठा."

सुलभाताई म्हणाल्या, "माझे पाय दुखतायत." तरी उठल्या. साहेब काहीतरी विचारायला आत आले, त्यांनाही उभं केलं. चाचा स्वतः चौथे.

"बाय, तू दापोलीची कुपी खेडला नेतेस. मग तुला दोन्ही याद्या लागणार. लाल घे, मग पिवळा घे. सुलभाताई, तुम्ही खेडची कुपी दापोलीला नेताय. पिवळा घ्या, मग लाल. साहेब, तुम्ही बायसारखे. मी सुलभाताईंसारखा. चला."

मी लाल उचलला. साहेबांनी दुसरा लाल उचलला. सुलभाताईंनी आणि चाचांनी दोन्ही पिवळे उचलले. मग मी पिवळ्यासाठी हात पुढे केला, तर टेबलावर पिवळा नव्हता. सुलभाताईंना लाल हवा होता, लालही नव्हता. निळे दोन नुसतेच पडलेले.

आम्ही चौघं एकेक चिमटा धरून उभे राहिलो. वीज गेली, पंखा थांबला. आम्ही उभेच.

"आता काय?" चाचांनी विचारलं.

"आता काय, उभं राहायचं," सुलभाताई म्हणाल्या.

"किती वेळ?"

"मला काय ठाऊक? यांनी लाल सोडला तर माझं होईल."

"मी का सोडू?" साहेब म्हणाले. "माझं काम राहिलंय."

मला हसू येत होतं आणि त्याच वेळी अंगावर काटाही येत होता. आमचा प्रोग्राम असाच उभा राहत होता. कुणाचं काहीच चुकलेलं नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर होता, आणि काम मात्र कुणाचंच होत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. सुलभाताईंनी चिमटा टेबलावर टाकला आणि फोन घ्यायला धावल्या. माझा हात तसाच पुढे होता, मी तो पिवळा उचलला. माझ्याकडे लाल आणि पिवळा दोन्ही आले. माझं काम झालं. मी दोन्ही ठेवले आणि ते लगेच दुसऱ्यांनी उचलले.

"सोडला!" चाचा ओरडले. "दुसरा मिळत नसेल तर पहिला सोडायचा!"

सुलभाताई फोनवर हात ठेवून म्हणाल्या, "हळू. गुहागरचा फोन आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा उभे राहिलो. या वेळी नियम होता: दहा आकडे मोजायचे, दुसरा चिमटा मिळाला नाही तर पहिला खाली ठेवायचा. चौघांनी दहा मोजले, चौघांनी एकदम चिमटे खाली ठेवले आणि चौघांनी एकदम पुन्हा तेच उचलले. चार वेळा असं झालं. साहेब घामाघूम झाले. चाचांचा चेहरा मात्र फुलला होता. "आता खरा गोंधळ झाला," ते आनंदाने म्हणाले.

शेवटी त्यांनी भिंतीवर कागद चिकटवला. *आधी खेड, मग दापोली, मग गुहागर.* कुपी कुठूनही कुठेही जावो, जोडण्या याच क्रमाने घ्यायच्या. पिवळा हातात घेऊन लालची वाट बघायची नाही. ज्याला दोन्ही लागतात त्याने आधी लाल. लाल नसेल तर रिकाम्या हाताने थांबायचं, म्हणजे दुसऱ्याचं अडत नाही. त्या क्रमाने आम्ही उभे राहिलो, आणि कितीही वेळा केलं तरी अडकलो नाही.

हे सगळं मला तेव्हा पूर्ण समजलं असं म्हणवत नाही. चिमटे घेऊन समजायचं, पडद्यासमोर बसले की पुन्हा धूसर व्हायचं. पण प्रोग्राम अडकायचा थांबला. पुढची दीड-दोन वर्षं एकदाही अडकला नाही.

आता जे सांगणार आहे, ते सांगताना मला अजून अवघडल्यासारखं होतं.

एका सोमवारी चाचा दुपारी आले. म्हणाले, शनिवारी दापोलीच्या गाडीऐवजी गुहागरच्या गाडीत बसलो. "गुहागरला उतरलो. म्हटलं, आलोच आहे तर समुद्र बघू. बघितला. मग विचार करत बसलो, इथे कशाला आलो." आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले. सुलभाताई महिनाभर प्रत्येक शनिवारी त्यांना विचारायच्या, "चाचा, आज कुठला समुद्र?"

मग ते कधी मला एकच गोष्ट सकाळी आणि दुपारी सांगायचे. कधी डबा खाल्ला की नाही हे विसरायचे. कधी बोलता बोलता शब्दाला अडायचे आणि म्हणायचे, "माझा गोंधळ झालाय." आणि आम्ही, नेहमी ऐकतो तसं, ऐकायचो. ज्याने वर्षानुवर्षं रोज तेच वाक्य म्हटलं, त्याच्या तोंडी त्या वाक्याचा अर्थ कधी बदलला, ते तुम्ही तरी कसं ओळखलं असतं? मी स्वतःला असं समजावते. पण मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. मला कळायला हवं होतं.

पावसाळा संपला होता. गवत कापायचे दिवस. सकाळी अकराच्या सुमाराला खेडकडच्या एका दवाखान्यातून नर्सचा फोन आला. गवत कापणाऱ्या एका बाईला फुरसं चावलं होतं. दवाखान्यात होत्या तेवढ्या कुप्या देऊन झाल्या होत्या, आणखी हव्या होत्या. पडद्यावर "शोध चालू आहे" आलं होतं आणि ते हलत नव्हतं.

मी आमच्या इथे बघितलं. इथेही हलत नव्हतं. मी सगळं बंद करून पुन्हा चालू करायला घेतलं, पण तिन्ही मशीन पूर्ण उठायला वेळ लागायचा. सुलभाताईंनी तेवढ्यात टेलिफोनची वही उघडली आणि एकेका दवाखान्याला फोन लावायला सुरुवात केली. पहिला लागला नाही. दुसऱ्याकडे एकही कुपी नव्हती. चौथ्याकडे होत्या. तिथून जीप निघाली. पाऊण तास गेला होता.

ती बाई वाचली. आठवडाभर दवाखान्यात होती, पण वाचली. हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त सुलभाताईंनी फोन खाली ठेवल्याचं आणि टेलिफोनची वही मिटल्याचं मला आठवतं.

दुपारभर मी शोधत बसले. सापडलं ते एका नव्या भागात. लागल्या नाहीत त्या कुप्या मूळच्या दवाखान्याला परत पाठवायची सोय आम्ही गेल्याच पंधरवड्यात केली होती. तिथे आधी दापोलीची जोडणी घेतली होती आणि मग खेडची. उलटा क्रम. वर लिहिणाऱ्याचं नाव होतं. ते मी तीनदा वाचलं.

चाचा शेजारीच होते. मी म्हटलं, "चाचा, हे जरा बघता?"

त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि वाचलं. पुन्हा वाचलं, या वेळी पडद्यावर बोट ठेवून, ओळ ओळ.

"हे कुणी लिहिलं?"

मी वरच्या नावावर बोट ठेवलं.

मागच्या भिंतीवर त्यांच्याच हातचा कागद होता. मी वाट बघत होते की ते आता डोळे चोळतील आणि नेहमीचं वाक्य म्हणतील. मला ते हवं होतं. ते म्हणाले असते तर सगळं नेहमीसारखं झालं असतं.

"मला हे लिहिल्याचं आठवत नाय," ते म्हणाले. मग हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं, "बाय, हा गोंधळ नाय. गोंधळ झाला की माणसाला कळतं तरी. हे मला कळलंच नाय."

त्यांनी माझ्याकडून ती ओळ दुरुस्त करून घेतली. स्वतः हात लावला नाही. मग गेल्या सहा महिन्यांत त्यांनी लिहिलेलं सगळं मला उघडायला लावलं आणि शेजारी बसून राहिले. दोन दिवस लागले. आणखी तीन ठिकाणी चुका निघाल्या. एका ठिकाणी जोडणी घेतली होती आणि परत ठेवायची राहिली होती. एके ठिकाणी एकच काम दोनदा लिहिलं होतं, दोन वेगळ्या नावांनी. प्रत्येक चूक सापडली की ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "हां. पुढे." मी मधेच म्हटलं, "चाचा, बस करूया का?" ते म्हणाले, "सगळं बघ. माझ्यासाठी म्हणून सोडू नको."

तिसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना राजीनामा दिला, हाताने लिहिलेला. साहेब म्हणाले, "अहो, एवढ्यावरून कुणी नोकरी सोडतं? रजा घ्या. डॉक्टरला दाखवा. मग बघू." साहेबांना त्यांची सवय आवडत नसे, पण त्या दिवशी त्यांनी तो कागद परत चाचांपुढे सरकवला.

"साहेब," चाचा म्हणाले, "डॉक्टरला दाखवीन. पण फुरसं चावलेल्या बाईला सांगता येईल काय, की जरा थांब, आमचा माणूस रजेवर आहे?"

चाचांची रत्नागिरीतली खोली रिकामी करायला चाची आल्या होत्या. त्यांना मी पहिल्यांदाच बघितलं. बुटक्या, गोऱ्या, बोलायला चटपटीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घरी वरीसभर चाललंय. मला वाटायचं, ऑफिसात बरे असतात. ऑफिसात सगळं आठवतं ना, म्हणायचे." आणि आम्हाला वाटायचं, घरी बरे असतात.

त्यांच्या जागी कुणी आलं नाही. प्रोग्राम माझ्याकडे आला. तो मला कधीच पुरता समजला नाही, पण जिथे समजला नाही तिथे मी थांबायला शिकले होते.

तीन वर्षांनी मी त्यांच्या गावी गेले. माझं लग्न ठरलं होतं, पत्रिका द्यायची होती. खरं तर पत्रिका पोस्टाने पाठवता आली असती. रत्नागिरीहून पहिली एसटी धरली, दापोलीला गाडी बदलली आणि अकरा वाजता पोचले. घर खाडीच्या अगदी वर होतं. चाचा ओट्यावर सुपाऱ्या सोलत बसले होते. अंगाने बारीक झाले होते. मला बघून उठले, आदबीने हसले आणि "या, या" म्हणाले. मला ते "गो" म्हणायचे, "या" कधीच नाही.

चाचींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण केलं होतं. आम्ही तिघं जेवलो. चाचांनी मला प्रवास कसा झाला ते विचारलं, पाऊसपाण्याचं विचारलं, माझ्या ताटात आग्रह करून भाकरी वाढली. पत्रिका हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि सांभाळून कपाटावर ठेवली. मी ऑफिसचं काही बोलले नाही. चाचींनी डोळ्यांनीच सांगितलं होतं, नको.

परतीची गाडी दोन वाजता होती. चाचा म्हणाले, पाहुणीला थांब्यापर्यंत सोडायला पाहिजे. चाचीही डोक्यावर पदर घेऊन निघाल्या. थांब्यावर फणसाखाली दगडी पार होता, त्यावर आम्ही बसलो. चाचा मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. खाडीवरून वारा येत होता. चाचा माझ्याकडे वळले.

"तू कुणाकडची गो?" त्यांनी विचारलं. "कुणाकडे आली होतीस?"

मी चाचींकडे बघितलं. त्या दुसरीकडे बघत होत्या.

"तुमच्याकडे, चाचा."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "माझ्याकडे? आणि घरी न येता इथे बसलीस? उन्हात?" ते चाचींकडे वळले. "अगो, ही आपल्याकडे आलीय. इतक्या लांबून. जेवली पण नसेल."

वळणावर एसटी दिसली. धूळ उडवत आली, थांब्यावर थांबली. कंडक्टरने दार उघडून माझ्याकडे बघितलं. पुढची गाडी संध्याकाळी होती.

चाचांनी माझी पिशवी उचलून खांद्याला लावली होती आणि ते पायवाटेला लागलेही होते.

मी कंडक्टरला हाताने खूण केली, जा म्हणून. गाडी गेली. चाची पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "भाकऱ्या उरल्यात दोन-तीन. कालवण गरम करते." आणि आम्ही दोघी त्यांच्या मागोमाग घराकडे जेवायला निघालो.